अमेरिकेतला तो मैलोन्मैल मका म्हणजे स्वीट कॉर्न नाहीये

इलिनॉयमधल्या मॅक्लीन काउंटीच्या (ब्लूमिंग्टनवाली, आपले बरेच आयटीवाले तिथे आहेत) मक्याच्या शेतांचे फोटो आले की खाली कुणीतरी लिहितंच, "एवढं स्वीट कॉर्न खातं कोण?" अहो, तो डेंट कॉर्न असतो, कणीस शेतात उभ्या धाटावरच वाळू देतात, दाण्याच्या डोक्यावर खळगा (डेंट) पडतो, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात कम्बाइन (कापणी-मळणीचं यंत्र) फिरतो आणि बराचसा माल जातो इथेनॉलला नाहीतर गुरा-डुकरांच्या खाद्याला. स्वीट कॉर्नचं क्षेत्र अख्ख्या अमेरिकेत मक्याच्या १ टक्काही नाही. "जमीनच सोन्यासारखी, त्यांना काय" हेही अर्धंच खरं, काळीभोर आहे पण पूर्वी तिथे बरीचशी पाणथळ होती, खाली भाजक्या मातीचे पाइप पुरून पाणी काढलं तेव्हा कुठे नीट पेरणी व्हायला लागली. आणि नुसता मकाच नाही, सोयाबीनही तेवढंच दिसतं.