थकलेला आकडा येतोच?

वणी-पांढरकवड्याकडं पानठेल्यावर मटक्याच्या मागच्या निकालांचा चार्ट उलगडला की हमखास ऐकू येतं, "सत्ता (सात) वीस बाजींपासून आला नाही भाऊ, आज येतेच पाह्य."

सोडत प्रामाणिक धरली (हेच मोठं धाडस!) तरी सत्त्याची शक्यता आजही दहात एकच. आकड्याला मागचं काही आठवत नाही. ठरावीक आकडा वीस सोडतींत एकदाही न येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के. आकडे दहा, म्हणजे सरासरी एखादा तरी 'थकलेला' असायचाच. चार्ट कधीही उघडा, आमिष तयार. १९१३ साली माँटे कार्लोच्या जुगारघरात रूलेटच्या चक्रावर काळा रंग ओळीनं २६ वेळा आला. 'आता लालच' म्हणणारे बुडाले.

एकेरी आकडा लागला तरी नेहमीचा दर दहाला नव्वद. सरासरी शंभरातले दहा खायवालाचेच, म्हणजे आकडे लावून घेणाऱ्याचेच.