पार्श्वभूमी : ज्येष्ठमधाचा गुण आणि त्याचा उशिरा कळलेला दोष

ज्येष्ठमधाची काडी बाहेरून तपकिरी आणि सुरकुतलेली असते. मोडली की आतले पिवळसर धागे दिसतात. तोंडात धरल्यावर आधी लाकडाचीच चव लागते, मग हळूहळू गोडी उतरू लागते आणि चोथा टाकून दिल्यावरही ती बराच वेळ जिभेवर रेंगाळते. ही गोडी मुख्यतः ग्लिसिरायझिन या द्रव्याची असून ते साखरेच्या ३० ते ५० पट गोड असते. या मुळीचा इतिहास समजून घेताना हे द्रव्य सतत लक्षात ठेवावे लागते, कारण तिचे बरेचसे गुण आणि तिचा सर्वांत मोठा दोष त्याच्याशीच जोडलेले आहेत.

ज्येष्ठमध या नावाचा वडीलकीशी किंवा ज्येष्ठ महिन्याशी काही संबंध नाही. संस्कृतातील ‘यष्टीमधु’, म्हणजे गोड काठी, या शब्दाचे ते बदललेले रूप आहे. ग्रीकांनी तिला ‘गोड मूळ’ म्हटले, चिनी भाषेत ती ‘गोड गवत’ झाली. ज्याने ती चघळली, त्याने तिला चवीवरूनच नाव दिले.

इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकांत होऊन गेलेला ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिओफ्रास्टस तिचा उल्लेख सिथियन या भटक्या लोकांची मुळी म्हणून करतो. दमा, कोरडा खोकला आणि छातीचे विकार यांवर ती उपयोगी पडते, मधाबरोबर जखमांवर लावतात आणि तोंडात धरल्यास तहान भागते, असे त्याने नोंदवले आहे. चरकसंहितेत ‘मधुक’ या नावाने ती कंठाला हितकर अशा दहा द्रव्यांच्या गणात येते आणि जीवनीय, म्हणजे जीवनशक्ती टिकवणाऱ्या, द्रव्यांच्या गणातही येते. सुश्रुतसंहितेत तर शस्त्रकर्मानंतरची वेदना शमवण्यासाठी ज्येष्ठमध घातलेले कोमट तूप जखमेवर सोडावे, असे स्पष्ट सांगितले आहे. दूरदूरच्या वैद्यांनी घसा आणि जखम या दोन्ही बाबतींत एकच अनुभव नोंदवावा, ही मला या परंपरेची सर्वांत भक्कम बाजू वाटते. चिनी वैद्यकात मात्र तिची भूमिका थोडी वेगळी आहे: तेथे ती असंख्य काढ्यांमध्ये इतर औषधांची तीव्रता कमी करून त्यांचा मेळ घालण्यासाठी घातली जाते.

युरोपात पुढे औषधाची मिठाई झाली. इंग्लंडमधील पाँटेफ्रॅक्ट येथे १७६० मध्ये जॉर्ज डनहिल या औषधविक्रेत्याने ज्येष्ठमधाच्या अर्कात साखर मिसळून वड्या केल्या, असे सांगितले जाते. औषध मापून घेतले जाते, मिठाई तशी खाल्ली जात नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

१९४६ मध्ये रेव्हर्स या डच डॉक्टरांनी जठरातील व्रणाच्या रुग्णांना ज्येष्ठमधाचा अर्क देऊन पाहिला. व्रण भरून येऊ लागले. पण साधारण पाचांपैकी एका रुग्णाच्या अंगावर सूज चढली आणि मात्रा कमी केल्यावर ती उतरली. शतकानुशतके निर्धोक समजल्या गेलेल्या मुळीकडे आधुनिक वैद्यकाने नव्याने पाहायला सुरुवात केली ती येथून. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये ग्लिसिरायझिनपासून कार्बेनॉक्सोलोन नावाचे व्रणाचे औषध तयार झाले, मात्र शरीरात मीठ आणि पाणी साठण्याचा त्रास त्यातही राहिला. १९७६ मध्ये सिमेटिडीन हे व्रणाचे दुसरे औषध बाजारात आल्यावर कार्बेनॉक्सोलोन मागे पडत गेले.

या त्रासामागची यंत्रणा १९८० च्या दशकात स्पष्ट झाली. शरीरातील कॉर्टिसॉल हे संप्रेरक मूत्रपिंडात पोहोचले की एक विकर (एन्झाइम) त्याला निष्क्रिय करते. ग्लिसिरायझिनपासून पोटात तयार होणारे आम्ल या विकराला रोखते. मग कॉर्टिसॉल तेथे अल्डोस्टेरॉन या मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकासारखे वागू लागते, मीठ आणि पाणी शरीरात अडकते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते आणि रक्तदाब चढतो. पोटॅशियम फार उतरले तर स्नायू दुर्बळ होतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात.

जुन्या वैद्यांना हे दिसले नाही, याचा दोष त्यांना देणे अन्यायाचे होईल. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन रीवा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये पुढे आणले. त्याआधी वाढलेला रक्तदाब हा डोळ्यांना न दिसणारा आजार होता. शिवाय काढ्यात ज्येष्ठमध बहुधा इतर द्रव्यांच्या जोडीने आणि ठरावीक दिवसच दिले जाई. रोज मूठभर खाण्याची सवय मिठाईने लावली.

युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने २००३ मध्ये ग्लिसिरायझिनिक आम्लाचे, म्हणजे ग्लिसिरायझिनचेच, नियमित सेवन दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असे मत दिले. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, गर्भवती स्त्रियांनी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ज्येष्ठमध टाळावे, असा सल्ला आता दिला जातो. पोटाच्या तक्रारींसाठी ग्लिसिरायझिन काढून टाकलेला अर्कही मिळतो. ज्या गोडीवरून या मुळीला सर्वत्र नाव मिळाले, ती बहुतांशी त्यातून वजा केलेली असते.