झोका बांधण्याआधी वाचा: मुलांचा तोल कसा सांभाळला जातो

आमच्याकडून झोका किंवा बॅलन्स बोर्ड घेणारे आईबाबा पहिल्यांदा हेच विचारतात की रोज किती वेळ खेळवायचं, पण आत काय चालतं ते कळलं की हे उत्तर मुलाकडे बघूनच मिळतं, म्हणून हा कागद सोबत देतोय.

तोल सांभाळणारं मुख्य यंत्र कानाच्या अगदी आत असतं, त्याला व्हेस्टिब्युलर सिस्टिम म्हणतात. प्रत्येक कानात ३ अर्धगोल नळ्या, त्यात पातळ द्रव, डोकं वळलं की द्रव हलतो आणि तिथले केसासारखे बारीक तंतू वाकून मेंदूला खबर देतात. शेजारी २ छोट्या पिशव्या आहेत, त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे कण असतात, त्यांच्यामुळे वर-खाली, पुढे-मागे आणि डोकं किती कललंय ते कळतं. गिरकी थांबली तरी घर फिरताना दिसतं ना, ते नळीतला द्रव अजून फिरत असतो म्हणून.

आता मुलं सगळी सारखी नसतात. एखादं भिंगरीसारखं फिरूनही थकत नाही, एखाद्याचे पाय जमिनीवरून उचलले की ते रडायला लागतं. त्याला घाबरट म्हणू नका प्लीज, हलणं त्याला खरंच जास्त जाणवत असतं. आधी तुमच्या मांडीवर बसवून हळू झोका द्या, वेग आणि थांबणं त्यालाच ठरवू द्या. सरळ पुढे-मागे हळू झोक्याने बहुतेक मुलं शांत होतात आणि गोल फिरण्याने चेकाळतात, त्यामुळे झोपायच्या वेळी गिरक्या नकोत. चेहरा पांढरा पडला, घाम आला, मळमळलं किंवा बडबडं मूल एकदम गप्प झालं तर लगेच थांबा, कधीकधी त्रास खेळ संपल्यावर थोड्या वेळानेही होतो.

आणि खरं सांगायचं तर सगळं विकत घ्यायची गरज नाही. बाळ जागं असताना तुमच्या नजरेसमोर पोटावर ठेवणं, जमिनीवर लोळणं, लंगडी, चढ-उतारावर चालणं, हेही तितकंच कामाचं आहे.

मूल अचानक सारखं पडायला लागलं, चक्कर येते म्हणालं, किंवा नीट ऐकू येत नाही असं वाटलं तर झोका बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. फिट येत असतील तर गिरक्यांचे खेळ त्यांना विचारूनच.

झोका बांधलात की मुलाला बसवून बघा, पाय जमिनीला टेकले पाहिजेत, टेकत नसतील तर दोरी खाली घ्या.