कोर्स संपल्यानंतरची धाप

दिंडोरीकडच्या एखाद्या द्राक्षबागेतला मजूर टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स पुरा करतो. थुंकी निगेटिव्ह येते, कार्डावर ‘बरा झाला’ अशी नोंद होते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला तो बागेत उतरतो आणि दोन ओळी होतात न होतात तोच धाप लागून बांधावर बसतो. नोंद खरीच असते, जंतू मेलेले असतात. पण छातीत मागे राहिलेले व्रण, सैल पडून रुंदावलेल्या श्वासनलिका, जुन्या खड्ड्यात वाढणारी बुरशी आणि दर पावसाळ्यात उलटणारा कफ यांना त्या कार्डावर रकाना नसतो. तो का नाही, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

आपल्याकडे या आजाराचं नावच मुळी माणसाच्या अवस्थेवरून पडलं. क्षय म्हणजे झिजणं. दक्ष प्रजापतीच्या कोपाने चंद्र झिजू लागला, तोच राजयक्ष्मा, अशी चरकसंहितेतली कथा आहे. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये जंतू दाखवला आणि आजाराला चेहरा मिळाला. औषध मिळायला मात्र आणखी साठ वर्षं जावी लागली. त्या मधल्या काळात डॉक्टरांच्या हाती रोग्याचं रोजचं जगणंच काय ते होतं. वजन किती, भूक किती, ताप किती, चालवतं किती. इंग्लंडमधल्या फ्रिमली सॅनेटोरियमात, म्हणजे क्षयरोग्यांना ठेवायच्या आरोग्यधामात, डॉक्टर मार्कस पॅटरसन रोग्यांना आधी चालायला लावत, मग मातीच्या टोपल्या उचलायला, मग फावडं हातात देत. ताकद कामाच्या पायऱ्यांनी मोजली जाई. कोरड्या, मोकळ्या हवेच्या लौकिकामुळे आपल्या देवळालीतही सॅनेटोरियम उभी राहिली. मुंबईकर तिथे हवापालटाला येत. त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही, कारण सॅनेटोरियममधून घरी न परतलेले रोगी फार होते. तरी ‘तुम्हाला किती जमतं?’ हा प्रश्न तेव्हा रोज विचारला जात होता.

१९४४ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन रोग्यांना मिळू लागलं, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासाने तर जगाची पद्धतच बदलली. दाटीवाटीच्या घरात राहून, बेताचं खाऊन औषधं घेणारे रोगीही सॅनेटोरियममधल्यांच्या जवळपास तितकेच बरे होतात, हे १९५९ मध्ये सिद्ध झालं. १९६२ चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आणि १९९७ पासून देशभर पसरत गेलेलं ‘डॉट्स’, म्हणजे कुणाच्या तरी देखरेखीखाली औषधं घेण्याची पद्धत, यांची वाट या निष्कर्षाने मोकळी केली. सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी तपासणं स्वस्त, आणि सुरगाणा-पेठसारख्या तालुक्यातही शक्य. त्यामुळे तीच कसोटी झाली, आणि तिने असंख्य जीव वाचवले. माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. तिच्या शेजारची बाकीची मोजमापं गळून पडली, त्याबद्दल आहे.

ती मोजमापं परत आली दुसऱ्याच वाटेने. १९५० च्या सुमारास वेल्समधल्या कोळसा-खाणकामगारांसाठी धाप मोजायची साधी पायरीवार पट्टी तयार झाली. सपाटीवर बरोबरीच्या माणसासोबत चालवतं का, कपडे घालतानाही दम लागतो का, अशा धर्तीची. १९९० नंतर लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातली, पॉल जोन्स यांची फुफ्फुसाच्या रोग्यांसाठीची प्रश्नावली आली. तिच्यात रोगी स्वतः उत्तरं देतो. गुण ० ते १००, जास्त म्हणजे त्रास जास्त, आणि ४ गुणांचा फरक रोग्याला जाणवण्याजोगा मानतात. त्याच दशकात जागतिक आरोग्य संघटनेने जीवनमानाची २६ प्रश्नांची छोटी प्रश्नावली केली.

पण जोन्स यांच्या यादीत गोल्फ आहे, टेनिस आहे, बर्फ उपसणं आहे. लंडनला ते ठीक. नाशिक जिल्ह्यात विचारायचं तर पाठीवर पंप घेऊन फवारणी होते का, चाळीत कांदा भरता येतो का, मालेगावात मागावर आख्खी पाळी उभं राहवतं का, उन्हाळ्यात विहिरीपासून घरापर्यंत हंडा न थांबता नेता येतो का, हे विचारायला हवं. आणि एक प्रश्न बायकांना हलकेच विचारावा लागेल: खोकल्याची उबळ येते म्हणून लग्नकार्याला जाणं सोडलंत का? महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. छातीच्या विकारांत एमडी करणाऱ्या मुलामुलींना प्रबंधासाठी याहून गरजेचा विषय मला तरी सुचत नाही.

औषधांना न जुमानणाऱ्या टीबीची गोष्ट आणखी कठीण. दोन-दोन वर्षांचा उपचार, त्यात कानामायसिनची इंजेक्शनं, आणि त्यांनी काहींचं ऐकू येणं कायमचं गेलं. कार्डावर तेही ‘बरे’च. २०१६ पासून भारतात बेडाक्विलिन ही गोळी मिळू लागली आणि पुढे ही इंजेक्शनं मागे पडत गेली.

टीबीनंतरच्या फुफ्फुसविकाराला स्वतंत्र नाव आणि व्याख्या मिळाली ती २०१९ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉश इथल्या परिषदेत. आपल्या कार्यक्रमातही कोर्स संपल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी रोग्याला पुन्हा तपासायचं ठरलेलं आहे. या तपासणीत मुख्य शोध असतो तो आजार उलटला का याचा. त्याच भेटीत माणसाला सहा मिनिटं चालवून अंतर मोजता येईल. त्याला लागते ३० मीटरची सपाट जागा, एक घड्याळ, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि शेवटी बसायला खुर्ची.