पार्श्वभूमी : दुहेरीची कारकीर्द आणि गटसाखळीचा हिशोब

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनची भारताची पुरुष दुहेरीची जोडी उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाकडून २१-१३, १४-२१, १६-२१ अशी हरली. तेव्हापासून एक वाक्य सारखं कानावर येतं : बाकी सगळं जिंकतात, ऑलिंपिकमध्येच कच खातात. मुंबईकर चिराग शेट्टी आणि त्याचा आंध्रचा जोडीदार सात्विकसाईराज रंकीरेड्डी यांच्याबद्दल हे इतक्या सहज बोललं जातं की त्यामागे काय घडलं होतं ते कुणी पाहत नाही. ते पाहायचं तर २०१२च्या लंडनपर्यंत मागे जावं लागतं.

बार्सिलोना १९९२ पासून बीजिंग २००८ पर्यंत ऑलिंपिक बॅडमिंटन सरळ बाद पद्धतीने व्हायचं. हरलात की घरी. लंडनमध्ये पहिल्यांदा गटसाखळी आली, म्हणजे गटातल्या प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. प्रत्येकाला एकापेक्षा जास्त सामने मिळावेत, हा हेतू वाईट नव्हता. दुहेरीत १६ जोड्या, चार गट, प्रत्येक गटातून दोन जोड्या पुढे. पण बाद फेरीत कोण कोणासमोर येणार हे आधीच ठरलेलं होतं. त्यामुळे गटात पहिलं येण्यापेक्षा दुसरं येणं फायद्याचं ठरू शकत होतं, आणि ३१ जुलैला वेम्बली अरीनात नेमकं तेच दिसलं. महिला दुहेरीच्या दोन सामन्यांत चार जोड्या मुद्दाम सर्व्हिस नेटमध्ये मारत होत्या, शटल बाहेर टाकत होत्या. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी चीनची एक, दक्षिण कोरियाच्या दोन आणि इंडोनेशियाची एक अशा चारही जोड्या, म्हणजे आठ खेळाडू, अपात्र ठरल्या.

त्या आठ जणींतली इंडोनेशियाची एक खेळाडू नऊ वर्षांनी, नव्या तरुण जोडीदारासह, टोकियोत सुवर्णपदक घेऊन उभी होती. दुहेरीतली कारकीर्द किती लांब आणि किती वळणांची असू शकते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण आपल्याकडे लंडनची गोष्ट अपात्रतेपाशीच संपते, आणि भारताच्या महिला जोडीचं काय झालं ते मागे पडतं. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०११ साली जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलेल्या त्या दोघी दुसऱ्या गटात होत्या. त्या जपानकडून हरल्या. तैपेई (म्हणजे तैवान) आणि सिंगापूरला त्यांनी हरवलं. जपानच्या जोडीला तैपेईने हरवलं. तिन्ही जोड्यांचे दोन-दोन विजय. मग जिंकलेल्या गेममधून हरलेले गेम वजा केले. त्यात तैपेई पुढे गेली, भारत आणि जपान बरोबरीत राहिले. मग गुणफरक काढला आणि भारत एका गुणाने मागे पडला. एका गुणाने! जपान–तैपेई सामन्याबद्दल भारताने तक्रार केली होती, ती फेटाळली गेली. भारताची जोडी स्पर्धेबाहेर पडली, आणि तीच जपानी जोडी पुढे रौप्यपदक घेऊन गेली.

त्याहून बोचणारी गोष्ट वेगळीच. अपात्र जोड्यांच्या जागा त्यांच्याच गटांतल्या उरलेल्या जोड्यांना मिळाल्या. त्यामुळे गटातले तिन्ही सामने हरलेली कॅनडाची जोडी उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि गटात तिसऱ्या आलेल्या रशियाच्या जोडीने कांस्य जिंकलं. दोन सामने जिंकलेल्या भारतीय जोडीचा गट वेगळा, म्हणून तिचा विचारच झाला नाही. नियमात हे बसत होतं. न्यायात बसत होतं असं मला आजही वाटत नाही.

नंतर नियम सुधारला : गटात दुसऱ्या आलेल्या जोड्यांचा ड्रॉ साखळी संपल्यावर काढायचा. मुद्दाम हरण्याचा फायदा त्यामुळे गेला. तिहेरी बरोबरी सोडवायची पद्धत मात्र तीच राहिली.

तिचा फटका टोकियोत पुन्हा बसला. दुहेरीत रिओ आपल्यासाठी फार लवकर आटोपलं होतं, त्यावर थांबण्यात अर्थ नाही. २०२१मध्ये मुंबईकर आणि त्याच्या जोडीदाराने पहिल्याच सामन्यात तैपेईच्या जोडीला २१-१६, १६-२१, २७-२५ असं हरवलं. इंडोनेशियाकडून ते हरले, ब्रिटनला सरळ गेममध्ये हरवलं. पुन्हा तिघांचे दोन-दोन विजय, पुन्हा गेमचा हिशोब : इंडोनेशिया अधिक तीन, तैपेई अधिक दोन, भारत अधिक एक. भारत बाहेर. आणि ज्यांना भारताने हरवलं होतं, त्याच तैपेईच्या जोडीने सुवर्ण जिंकलं.

पॅरिसमध्ये तिसरा प्रकार घडला, आणि इथे एका शब्दाचा घोळ आहे. जर्मनीच्या जोडीतला एक खेळाडू दुखापतीने माघारी गेला, तेव्हा आपल्याकडे अनेकांनी ‘भारताला पुढे चाल’ असं म्हटलं. ती पुढे चाल नव्हती. पुढे चालीत विजय तुमच्या खात्यात जमा होतो. साखळीत कुणी माघार घेतली तर त्या जोडीचे झालेले आणि व्हायचे सगळे सामनेच पुसले जातात, जणू ती जोडी गटात नव्हतीच. त्यामुळे गटात तीनच जोड्या उरल्या. फ्रान्सला हरवून झालं होतं, फ्रान्स इंडोनेशियाकडूनही हरलं होतं. म्हणून भारताची जोडी कोर्टवर न उतरताच उपांत्यपूर्व फेरीत पोचली. दुहेरीत तिथवर जाणारी ही पहिली भारतीय जोडी. नंतर इंडोनेशियाला २१-१३, २१-१३ असं हरवून तिने गटही जिंकला. तरी ‘फुकटात पोचले’ हा शेरा मागे लागला तो लागलाच.

या दोन ऑलिंपिकच्या मधला काळ पाहिला की तो शेरा किती उथळ आहे ते कळतं. दोघेही मागून स्मॅश मारणारे; एका मलेशियन प्रशिक्षकाने त्यांना एकत्र आणलं. दोघांना मागेच राहून चालत नाही, म्हणून मुंबईकराने नेटजवळचा खेळ घोटून घेतला. दुहेरीत क्रमवारी जोडीची असते, जोडी मोडली की दोघांनाही नव्याने सुरुवात करावी लागते. तरी हे दोघे सोबत राहिले. २०२२ला थॉमस चषक (पुरुषांची सांघिक स्पर्धा), राष्ट्रकुल सुवर्ण, जागतिक कांस्य. २०२३ला दुबईत आशियाई बॅडमिंटन स्पर्धेचं विजेतेपद, इंडोनेशिया ओपन, हांगझोऊत आशियाई क्रीडा स्पर्धेचं सुवर्ण आणि ऑक्टोबरमध्ये जगात पहिला क्रमांक.

जागतिक स्पर्धेत गटसाखळी नसते. ऑगस्ट २०२५मध्ये ती पॅरिसमध्ये, ऑलिंपिकचे सामने झाले त्याच अरीनात भरली. उपांत्यपूर्व फेरीत समोर पुन्हा तीच मलेशियाची जोडी होती. भारताने २१-१२, २१-१९ असा सामना जिंकला आणि दुसरं जागतिक कांस्य निश्चित केलं.