चाऱ्याचा निवडुंग : कीडप्रतिकारक वाणांची पैदास (कोकण)

चाऱ्यासाठी लावतात तो बिनकाट्याचा फड्या निवडुंग. मुख्य जाती ओपंशिया फायकस-इंडिका. फड्यात, म्हणजे त्याच्या चपट्या मांसल खोडात, सुमारे ९० टक्के पाणी असते. कोकणाला कोरडा मुलूख म्हणवत नाही. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या सड्यांवर (उघड्या कातळाच्या पठारांवर) चार महिन्यांचा पाऊस सरला की कातळ तापतो आणि उन्हाळ्यात हिरवी वैरण मिळत नाही.

या पिकाचा मुख्य शत्रू किरमिजी किडा, डॅक्टिलोपियस ओपंशिये. पांढऱ्या कापसाआड बसून तो रस शोषतो, चिरडल्यास लाल रंग सुटतो. फडे पिवळे पडून गळतात. ईशान्य ब्राझीलमध्ये ‘जिगांते’ वाणाचे मळे त्याने उजाड केले. मोरोक्कोत तो २०१४ मध्ये आढळला आणि पुढे तिथे आठ प्रतिकारक वाण निवडले गेले.

भारतात हा किडा मुद्दाम आणलेला आहे. १७९५ मध्ये रंगासाठी आलेला किडा दुसऱ्याच जातीचा निघाला, डॅ. ओपंशिये १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणून तण झालेल्या फड्या निवडुंगावर सोडला. दक्षिण आफ्रिकेत त्याचे दोन जैवप्रकार ओळखले आहेत: एक ओपंशिया स्ट्रिक्टा या दुसऱ्या जातीच्या फड्या निवडुंगावर जगतो, दुसरा फायकस-इंडिकावर. म्हणून ब्राझीलमध्ये तगलेला स्ट्रिक्टा जातीचा वाण इथेही तगेल, असे धरून चालत नाही. चाचणी स्थानिक किड्यावरच घ्यावी.

संकरासाठी कळी उमलण्याच्या आदल्या दिवशी पुंकेसर काढून कागदी पिशवी बांधतात आणि फूल उमलल्यावर दुसऱ्या वाणाचा पराग लावतात. अडचण पुढे येते. एका बीत अनेक भ्रूण असतात आणि त्यांतले बरेचसे आईचीच हुबेहूब नक्कल असतात, त्यामुळे खरा संकर ओळखून वेगळा काढावा लागतो. फायकस-इंडिकाची गुणसूत्रे ८८, नोपालिया या चाऱ्याच्याच दुसऱ्या निवडुंगाची २२; असा संकर क्वचितच साधतो. रोपाला फूल यायला तीन-चार वर्षे जातात. निवडलेला वाण मात्र फड्यांपासून वाढवता येतो.

चाचणीत किडीने भरलेल्या फड्याचा तुकडा निरोगी फड्याला टाचतात. मादी वाढायला दोन-अडीच महिने लागतात, म्हणून मोजणी तिसऱ्या महिन्याअखेर. प्रत्येक ओळीत एक हमखास बळी पडणारा वाण हवाच. त्याच्यावरही कीड बसली नाही, तर ती चाचणी बाद. कोकणात फसगत होते ती इथेच. पावसाची झोड पिल्ले धुऊन नेते आणि कुठलाही वाण प्रतिकारक दिसतो. चाचणी नोव्हेंबर ते मे यांतच घ्यावी, तीही जाळीखाली; नाहीतर मित्रकिडे किरमिजी किडा खाऊन आकडे बिघडवतात.

किडीतून वाचलेला वाण पाण्याने मरू शकतो. मुळाशी पाणी साचले की फडे बुडापासून कुजतात. म्हणून निवडीत एक पूर्ण पावसाळा सड्यावर काढायला लावणे हा किडीइतकाच कडक निकष ठेवावा. तोडलेले फडे दोन-तीन आठवडे सावलीत ठेवून जखम सुकवावी आणि पावसाळा संपल्यावर उंच वरंब्यावर लावावेत. खार जमीन या पिकाला मानवत नाही. रात्री उकाड्याच्या असल्या की वाढ मंदावते. ब्राझील किंवा मोरोक्कोतल्या उत्पन्नाचे आकडे इथे लावू नयेत.

फड्यांत प्रथिने व तंतू कमी असतात. नुसतेच खाल्ले तर गुरांना पातळ शेण होते. तुकडे करून भाताच्या पेंढ्यात मिसळावेत आणि प्रथिनांसाठी थोडी पेंड द्यावी. बिनकाट्याच्या वाणाच्या बीपासून उगवलेली रोपे बहुधा काटेरी निघतात आणि पक्षी बी लांबवर नेतात, म्हणून चाऱ्याच्या लागवडीतली फळे पिकण्याआधीच तोडून टाकावीत.