हिपॅटायटिस सीची मोफत तपासणी: कोणाला, कुठे आणि कोणता कागद घेऊन

‘दारू नाही, नशेच्या सुया नाहीत, मग मला कशाला तपासणी?’ केसपेपरच्या रांगेत हे हमखास ऐकू येतं. पण आपल्याकडे रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सीच्या, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या या विषाणूची तपासणी सक्तीची झाली ती 2001-02 च्या सुमारास. त्याआधी बाळंतपणात रक्त चढवलेलं, गावच्या डॉक्टरांच्या काचेच्या सिरिंजची इंजेक्शनं, जत्रेतलं गोंदण... हे कोणाच्या ध्यानातही नसतं. आणि यकृताचा हा आजार वीस-वीस वर्षं गप्प बसतो.

राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात (2018 पासून) तपासणी आणि औषधं मोफत आहेत, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. ओळखपत्र जवळ असू द्या. त्यावरचं आणि रिपोर्टवरचं नाव जुळतंय ना, तेवढं पाहा. रक्त चढवल्याचा जुना कागद मात्र शोधत बसू नका. 1988 च्या बाळंतपणाचा कागद कोणाकडे असतो? डॉक्टरांना तोंडी सांगा. ‘काही त्रास नाही ना, मग जा’ असं कोणी म्हणालं, तर साल सांगून ‘एकदा अँटी-एचसीव्ही करून द्या’ म्हणा. (एचसीव्ही म्हणजे हिपॅटायटिस सीचा विषाणू, आणि ही त्याविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणारी रक्ततपासणी.)

खरं घोडं अडतं ते पहिल्या रिपोर्टवर. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला, एवढंच. काहींच्या शरीरातून तो आपोआप जातो, पण अँटीबॉडी उरतात. तो आत्ता आहे की नाही, हे एचसीव्ही आरएनए म्हणजे रक्तातला विषाणूच मोजणारी व्हायरल लोड तपासणीच सांगते, आणि त्याशिवाय औषध सुरू होत नाही. एक मावशी पॉझिटिव्ह रिपोर्ट लॅमिनेट करून आल्या होत्या. दोन महिने घरात त्यांचं ताट-वाटी वेगळं. व्हायरल लोडमध्ये विषाणू सापडलाच नाही! आणि असता, तरी तो ताटातून पसरत नाही.

लिव्हर सिरोसिस (यकृत व्रणांनी कायमचं कडक होणं) नसेल तर साधारण 12 आठवडे रोजच्या गोळ्या, म्हणजे 28 दिवसांच्या तीन बाटल्या. त्याआधी हिपॅटायटिस बी तपासतात. चालू असलेली सगळी औषधंही दाखवा, अॅसिडिटीच्या गोळ्यासुद्धा.

शेवटची तारीख बहुतेकांची चुकते. बरे झालात का, हे पाहणारा व्हायरल लोड शेवटच्या गोळीनंतर 12 आठवड्यांनी करायचा असतो. लोक पहिल्या गोळीपासून मोजतात, औषध संपलं की येतात आणि हेलपाटा पडतो. हा रिपोर्ट जपून ठेवा. अँटीबॉडी पुढेही पॉझिटिव्हच येत राहणार, आणि ऑपरेशनआधी कोणी बिचकलं तर दाखवायला हाच कागद लागेल.